अदलाबदलीच्या कसोटीवर

देवळाली प्रवरा या गावाच्या नावातच नदी आहे. नाशिकची देवळाली वेगळी, ही प्रवरेची. या नदीबरोबर एक कथाही या परिसराच्या वाट्याला आली आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत वाटण्याचा प्रसंग प्रवरेच्या काठी, नेवाशाला घडला, अशी येथील लोकपरंपरा सांगते. विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, असुर त्या रूपाला भुलले, आणि वेष पालटून देवांच्या पंगतीत बसलेल्या राहूने अमृताचा घोट घेताच त्याचा शिरच्छेद झाला. शिर पडले ती राहुरी आणि काया पडली ते गोदावरीपलीकडचे कायगाव, असे जुनी माणसे सांगतात. नेवाशाला मोहिनीराजाचे देवालय आजही आहे. ज्ञानेश्वरी ज्या गावी सांगितली गेली त्या गावाचे दैवत स्त्रीरूप घेतलेला पुरुष आहे, ही गोष्ट मोठी विचार करण्यासारखी आहे.

परंतु लोककथा एवढ्यावर थांबली नाही. खंडोबाची म्हाळसा ही मोहिनीचाच अवतार असून तिचे माहेर नेवाशाचे, असे लोकपरंपरा मानते. म्हणजे विष्णू आपले काम उरकून पुन्हा विष्णू झाला. मोहिनी मात्र लोकांच्या मनात स्त्री म्हणूनच राहिली. स्त्री म्हणून राहिल्यावर स्त्रीचे भोगही ओघानेच आले. म्हाळसेचे लग्न झाले, तिला सासर मिळाले, आणि पुढे बाणाईच्या रूपाने सवतही मिळाली. वाघ्या-मुरळीच्या गीतांतून म्हाळसा-बाणाईचे भांडण अजून रंगते. देवाने स्त्रीचे रूप घेतले तर ती लीला ठरते, पण ते रूप पुन्हा उतरवून ठेवता आले नाही तर सवत सोसावी लागते. लोकमानसाने हे नकळत सांगून ठेवले आहे.

या कथेची आठवण होण्यास एक अमेरिकन कादंबरी निमित्त झाली. स्टेफनी मेयर या लेखिकेची 'ट्वायलाइट' ही कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली. फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात बापाकडे राहायला आलेली सतरा वर्षांची बेला आणि दिसायला तिच्याच वयाचा, पण वस्तुतः अनेक दशके न मरता राहिलेला एडवर्ड नावाचा रक्तपिपासू, यांची ती प्रेमकथा. तिचे पुढील भाग निघाले, २००८ पासून त्यांवर चित्रपट निघाले, आणि जगभरच्या तरुण वाचकांनी, त्यातही मुलींनी, ही कथा डोक्यावर घेतली. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून आणि शहरांतील महाविद्यालयांतून ती पुष्कळ वाचली गेली. टीकाही तितकीच झाली. या कथेतील मुलगी पदोपदी संकटात सापडते आणि पदोपदी तिला तो तरुण वाचवतो, तिला स्वतःचे कर्तृत्व असे काही नाहीच, हा टीकेचा मुख्य सूर होता.

लेखिकेचा प्रतिवाद असा की, बेला दुबळी आहे ती स्त्री म्हणून नव्हे, तर अतिमानवी शक्तीच्या जीवांमध्ये सापडलेले एक साधे माणूस म्हणून. तिच्या जागी मुलगा असता तरी हेच घडले असते. केवळ असे म्हणून ती थांबली नाही. पहिल्या कादंबरीला दहा वर्षे झाली त्या निमित्ताने, २०१५ साली, तिने तीच कथा पात्रांची लिंगे पालटून पुन्हा लिहिली. 'लाइफ अँड डेथ' हे त्या कादंबरीचे नाव. बेलाच्या जागी बो नावाचा मुलगा आला, एडवर्डच्या जागी ईडिथ नावाची तरुणी आली, आणि त्यांच्याभोवतीची जवळजवळ सर्व पात्रेही पालटली. लेखिकेचा निष्कर्ष असा की, फारसे काही बिघडले नाही. प्रेम ते प्रेमच राहिले.

किशोरवयीनांच्या भुताखेतांच्या प्रेमकथेची दखल अग्रलेखाच्या पानावर घ्यावी काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. घ्यावी, असे आमचे मत आहे. जे पुस्तक लक्षावधी मुली उशाशी घेऊन झोपल्या त्याची उपेक्षा करण्याने शिक्षकांचा आणि पालकांचा मोठेपणा सिद्ध होत नाही. शिवाय लेखिकेने केलेला प्रयोग तिला वाटला त्याहून अधिक मोलाचा आहे. फरक पडत नाही हे दाखवण्यासाठी तिने तो केला. पण तीन ठिकाणी तो अडखळला, आणि ती तीन ठिकाणेच आपल्या कामाची आहेत.

न पालटलेले आई-बाप

पहिले ठिकाण आई-बापांचे. सारी पात्रे पालटणाऱ्या लेखिकेने नायकाचे आई-बाप मात्र होते तसेच ठेवले. याचे कारण तिनेच प्रस्तावनेत दिले आहे. नायकाचा जन्म १९८७ चा. त्या काळी आई-बाप विभक्त झाल्यावर मुलाचा ताबा बापाकडे जाणे ही अमेरिकेत अपवादात्मक गोष्ट होती. तेव्हा मूल वाढवणारी आई आणि दूर राहणारा बाप, ही मांडणी उलटली असती तर कथा अविश्वसनीय झाली असती. म्हणजे रक्त पिणारी, न मरणारी तरुणी वाचकाला पटेल, पण घटस्फोटानंतर मूल सांभाळणारा बाप पटणार नाही! कल्पनेची झेप पिशाच्चांपर्यंत पोहोचली आणि न्यायालयाच्या दारात अडली.

आपल्या देशात हीच अडचण उलट्या बाजूने दिसते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम ६ अन्वये अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, एवढी सवलत त्याच कलमात आहे. म्हणजे मुलाला न्हाऊमाखू घालणे, त्याची दुखणीखुपणी काढणे आईकडे, आणि त्याच्या वतीने सही करणे बापाकडे. गीता हरिहरन या लेखिकेने रिझर्व्ह बँकेविरुद्ध केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली 'त्याच्यानंतर' या शब्दाचा अर्थ केवळ 'मृत्यूनंतर' असा न घेता बापाच्या अनुपस्थितीत, असा घेतला. त्यामुळे आईला काही जागा मिळाली. पण कलमातील शब्द आणि त्यांचा क्रम तसाच राहिला.

शाळेच्या दप्तरात बसणाऱ्या लिपिकाला या क्रमाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव, या तीन रकान्यांत आई कोठेच नसे. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या मार्च महिन्यात निर्णय घेतला आणि १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावात प्रथम त्याचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासकीय कागदपत्रांसाठी ठरवला. ही मुले शाळेत येतील तेव्हा प्रवेशनोंदवहीत आईचे नाव वेगळ्या रकान्यात नव्हे, तर मुलाच्या नावातच उमटेल. एका रकान्याची ही गोष्ट क्षुल्लक नाही. तथापि नाव पुढे आले म्हणजे अधिकारही पुढे आला, असे मात्र कोणी समजू नये.

रस्त्यावरचे भय

दुसरे ठिकाण रस्त्याचे. मूळ कादंबरीत बेला परक्या गावी संध्याकाळी वाट चुकते आणि काही पुरुष तिचा पाठलाग करून तिला घेरतात. त्यांचा हेतू काय, हे लेखिकेला उघड सांगावे लागत नाही. वाचणाऱ्या प्रत्येक मुलीला तो ठाऊक असतो. नव्या कादंबरीत बो त्याच गावी तसाच वाट चुकतो. पण त्याला अडवणारी टोळी त्याला पोलिसांचा माणूस समजून त्याच्या जिवावर उठते. संकट तेवढेच मोठे आहे, पण त्याची जात निराळी आहे. मुलाला संकटात घालायचे तर लेखिकेला त्यासाठी एक गैरसमज रचावा लागला, एक कारण पुरवावे लागले. मुलीच्या बाबतीत कारणाची गरजच नव्हती. ती मुलगी होती आणि संध्याकाळ झाली होती, एवढे पुरेसे होते.

याच संदर्भात आणखी एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. मूळ कथेत एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत तिच्या नकळत शिरतो आणि ती झोपली असता तिच्याकडे पाहत बसतो. या प्रसंगावर फार टीका झाली, आणि ती योग्यच होती. नव्या कथेत ईडिथ हेच करते. पण वाचताना अंगावर तसा काटा येत नाही. कृती तीच, खोली तीच, रात्र तीच. मग भय कोठे गेले? याचा अर्थ ते भय पुस्तकात नव्हतेच. ते वाचकाने आपल्याबरोबर आणले होते, आपल्या घरून, आपल्या गल्लीतून, वर्तमानपत्रातील बातम्यांतून.

देवळाली प्रवरेहून राहुरीला किंवा श्रीरामपूरला शिकायला जाणाऱ्या मुलीची आणि तिच्या भावाची संध्याकाळ एकच नसते. शेवटची एस.टी. चुकली तर भाऊ मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसतो आणि घरी आल्यावर जेवायला मागतो. बहिणीची एस.टी. चुकली तर घरातील तीन माणसे उंबऱ्याबाहेर येतात आणि दुसऱ्या दिवशी तिचे शिक्षण पुढे चालू ठेवावे की नाही, याची चर्चा सुरू होते. उशीर दोघांनाही झाला. शिक्षा मात्र एकीलाच.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. स्त्रियांना एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत, ग्रामीण विद्यार्थिनींना मोफत पास. मग हाच न्याय उलटा करून मुलांना का लावू नये? अदलाबदलीची कसोटी तुम्हीच सांगता, तर ती येथेही लावा! जरूर लावावी. पण कसोटी लावायची तर ती संपूर्ण प्रवासाला लावावी लागेल, केवळ तिकिटाला नव्हे. ज्या दिवशी एस.टी. चुकल्याने मुलाचे शिक्षण बंद होण्याची भीती निर्माण होईल, त्या दिवशी त्यालाही मोफत पास द्यावा. ही सवलत म्हणजे मुलींना दिलेले बक्षीस नव्हे. रस्त्याने त्यांच्याकडून आधीच जे वसूल केले आहे, त्याची ती अल्पशी परतफेड आहे.

उपसंहार

तिसरे ठिकाण शेवटाचे, आणि ते सर्वांत बोलके आहे. मूळ कादंबरीत बेलाला विष बाधते, पण एडवर्ड ते शोषून घेतो आणि ती माणूस म्हणून वाचते. उपसंहार शाळेच्या नृत्यसमारंभात होतो. नव्या कादंबरीत बोला वाचवता येत नाही. त्याला मरण तरी पत्करावे लागते किंवा रक्तपिपासू तरी व्हावे लागते. तो दुसरा मार्ग स्वीकारतो. पण मग जुन्या जगात त्याला स्थान उरत नाही. अपघातात तो मेला, असे आई-बापांना भासवले जाते, आणि उपसंहारात तो आपलाच अंत्यविधी आणि आई-बापांचे दुःख दुरून पाहतो. नवे घर, नवी माणसे, नवे जीवन त्याला मिळाले आहे. पण जन्मदात्यांच्या घराचे दार कायमचे बंद झाले आहे. लेखिकेने या प्रसंगाला मरणाचे गांभीर्य दिले आहे, आणि ते उचितच आहे.

मराठी वाचकाने हा उपसंहार वाचून क्षणभर थांबावे. एका तरुण जिवाने जन्माचे घर सोडावे, परक्या कुळात जावे, त्या कुळाचे आचार स्वीकारावेत, आई-बापांनी डोळे पुसत दुरून पाहावे, या घटनेला आपण काय म्हणतो? आपण तिला पाठवणी म्हणतो आणि वाजंत्री लावतो. कित्येक घरांत अजूनही ताटातल्या तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिले जाते, म्हणजे आडनावाबरोबर पाळण्यातले नावही जाते. मुलाच्या बाबतीत जे मरणासारखे वाटले ते मुलीच्या बाबतीत मंगलकार्य ठरते. उलट, मुलगा बायकोच्या घरी राहायला गेला तर त्याच्यासाठी आपल्या भाषेत 'घरजावई' हा शब्द तयार आहे, आणि तो उच्चारताना ओठांवर येणारे हसू सर्वांच्या परिचयाचे आहे. सासरी राहणाऱ्या सुनेला हिणवण्यासाठी मात्र असा शब्द नाही, कारण तिने तेथे राहणे ही आपल्या दृष्टीने घटनाच नाही.

माहेरचे दार केवळ भावनेनेच बंद होते असेही नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. हा हक्क जन्मानेच मिळतो, कायदा बदलला त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. परंतु प्रवरेच्या पाण्यावर पिकणाऱ्या उसाच्या पट्ट्यात एक एकर जमिनीची किंमत काय, हे सर्वजण जाणतात. म्हणूनच कोठे बापाच्या दहाव्याला, कोठे वर्षश्राद्धाला, बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. सही केली तर माहेरची साडी कायम. हिस्सा मागितला तर माहेर तुटले. येथेही अदलाबदल करून पाहावी. बहिणीने भावापुढे कागद ठेवावा आणि म्हणावे, 'दादा, तुझे लग्न झाले, तुझे चांगले चालले आहे, तेवढी सही कर.' हे वाक्य ज्याला विनोदी वाटेल त्याने आपल्याला हसू कशाचे आले, हे स्वतःलाच विचारावे.

हसू आणि कसोटी

हे हसू आपल्या रंगभूमीलाही परिचित आहे. आचार्य अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त लुगडे नेसलेला पुरुष पाहून प्रेक्षक पोट धरून हसले. २०१८ साली आलेल्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटात एक स्त्रीपिशाच्च रात्री पुरुषांना पळवून नेते, त्यामुळे गावातील पुरुष अंधार पडण्यापूर्वी घरात शिरतात. त्यांना पाहून चित्रपटगृहे हसली. पण तेच नियम पाळणाऱ्या स्त्रियांना पाहून आपण कधी हसत नाही. त्या नियमांना आपण वळण म्हणतो. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका अजरामर केल्या, त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घराघरांतील स्त्रियांनी केले, हा आपल्या अभिमानाचा विषय आहे आणि असावा. पण ज्या काळी पुरुष रंगमंचावर उत्तम स्त्री होऊ शकत होता, त्या काळी कुलीन घरातील स्त्रीला त्याच रंगमंचावर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती, हेही त्या अभिमानाबरोबर आठवले पाहिजे. रूप घेण्याचे स्वातंत्र्य एका बाजूलाच होते.

अदलाबदलीची ही कसोटी अमेरिकेतून आणण्याचीही गरज नव्हती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून हेच केले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर दोषारोप सुरू झाले, तेव्हा ताराबाईंनी स्त्रीच्या अंगी म्हणून सांगितला जाणारा एकेक दुर्गुण उचलला आणि तो पुरुषाला लावून दाखवला. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू उचलून धरली. पण बहुतेकांनी पुस्तकाची हेटाळणी केली, आणि ते जवळजवळ विस्मृतीत गेले. काशीबाई कानिटकर यांच्या 'पालखीचा गोंडा' (१९२८) या कादंबरीत तर स्त्रियांनी चालवलेले अख्खे राज्यच रंगवले आहे. मेयरबाईंच्या पुस्तकाच्या आवृत्त्या जगभर निघाल्या; आपल्या या दोघींची नावे मात्र आपल्या पदवीधरांपैकी कितीजणांना सांगता येतील, याची शंका वाटते.

तेव्हा त्या कादंबरीचे श्रेय नाकारू नये, पण तिचा निष्कर्षही जसाच्या तसा स्वीकारू नये. स्त्री-पुरुषांच्या हृदयांत फरक नाही, हे तिने दाखवले. ते खरे आहे. परंतु त्या हृदयांना ज्या कायद्यातून, ज्या रस्त्यावरून आणि ज्या उंबऱ्यावरून जावे लागते तेथे फरक आहे, हे तिने न ठरवता दाखवले, आणि ते अधिक खरे आहे. जेथे अदलाबदल सहज होते तेथे चिंता नाही. जेथे ती हास्यास्पद वाटते, अशक्य वाटते किंवा शोकान्त होते, तेथे बोट ठेवावे. अन्यायाची जागा बहुधा तीच असते.

आपल्या जिल्ह्याला आता चौंडीच्या अहिल्याबाईंचे नाव मिळाले आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. पाटीवर नाव पालटणे आणि खुर्चीवर व्यक्ती पालटणे ही कामे झाली, हे थोडे नव्हे. पण सरपंचबाईंच्या शेजारी बसून त्यांच्या वतीने बोलणारे पतिराज जोवर ग्रामसभेत दिसतात, तोवर पात्र पालटले असले तरी कथा जुनीच चालू आहे, असे म्हणावे लागते.

शिक्षकांनी एक साधा उपक्रम करून पाहावा. वर्गातील मुलामुलींना ठाऊक असलेली कोणतीही कथा घ्यावी, वटसावित्रीची घ्यावी, म्हाळसा-बाणाईची घ्यावी, आणि पात्रे पालटून लिहायला सांगावी. सत्यवानाने सावित्रीसाठी यमाच्या मागे जावे. म्हाळसेने दुसरा नवरा आणावा आणि खंडोबाने रुसून बसावे. मुले प्रथम हसतील. त्यांना हसू द्यावे. मग कोणत्या ओळीवर हसू आले, कोणत्या ओळीवर लेखणी थांबली, तेवढे त्यांना अधोरेखित करायला सांगावे, आणि घरी जाऊन ती ओळ आईला वाचून दाखवायला सांगावे. म्हाळसेच्या गीतांत जे शतकानुशतके गाऊन झाले, त्यावर बोलण्याची सुरुवात कदाचित तेथून होईल.